स्टँड घ्या, पण स्वतः बनवून!

सुरुवातीलाच सांगून टाकते, हा लेख बिअरपासून सुरू होतो. (रेक्टर मॅडम, प्लीज पान उलटू नका, पुढे सगळं सभ्य आहे!) खरं म्हणजे बिअरपेक्षा ती ज्याच्यावर तयार होते त्या लोखंडी स्टँडबद्दल मला बोलायचंय. तिथून आपण हॉस्टेलच्या कूलरकडे येऊ आणि शेवटी पाच वाजता कुलूप लागणाऱ्या आपल्या वर्कशॉपच्या दारात थांबू. माझं म्हणणं थोडक्यात असं : कमी पैशात वस्तू बनवायची तर आधी डोकं लावावं लागतं, मग लोखंड. आणि त्यासाठी जी हत्यारं लागतात ती आपल्या फीमधून कधीच विकत घेऊन झाली आहेत. फक्त ती कुलपात आहेत.

आता बिअर कुठून आली ते सांगते. माझा मावसभाऊ अमेरिकेत, मिशिगनमध्ये असतो. पाच दिवस कॉम्प्युटरसमोर आणि शनिवारी गॅरेजमध्ये. घरी बिअर बनवणं हा तिकडे रीतसर छंद आहे, आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालतात तसा. त्याचा इतिहासही मजेदार आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठल्यावर घरगुती वाइनला परवानगी मिळाली, पण घरगुती बिअर राहूनच गेली. पुढे १४ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून एकट्या माणसाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त मोठी माणसं असतील तर २०० गॅलन बिअर कर न भरता बनवता येऊ लागली. अट एकच, विकायची नाही. राज्यांचे कायदे मात्र वेगळे होते. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्यं २०१३ मध्ये राजी झाली. त्याच १९७८ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर गावात घरगुती बिअरवाल्यांची संघटना सुरू झाली. ती सुरू करणारे चार्ली पपेझियन शिकले होते न्यूक्लिअर इंजिनिअरिंग! म्हणजे अणुभट्टीकडून हातभट्टीकडे असा प्रवास. (‘हातभट्टी’ या शब्दाला आपल्याकडे जो वास येतो तो तिथे येत नाही, एवढाच फरक.)

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे आणि ते स्पष्ट लिहिलेलं बरं. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, त्यात घरची बिअरही आली. शिवाय इथे बिअर पिण्यासाठी वय २१ पूर्ण लागतं आणि मी आहे वीसची. तेव्हा हा लेख वाचून कुणी रूममध्ये बादली भिजत घालू नये. मला त्या बिअरची चव माहीत नाही, पण तो स्टँड मात्र मला फार आवडला आहे.

तर तो स्टँड असतो कसा? त्याला तीन टप्पे असतात, जिन्याच्या तीन पायऱ्यांसारखे. सगळ्यात वर गरम पाण्याचं भांडं. मधल्या टप्प्यावर दळलेलं माल्ट भिजवायचं भांडं. त्यात साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसला तासभर धान्य ठेवलं की एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. मग वरच्या भांड्यातलं सुमारे ७५ अंशाचं पाणी सोडून ती साखर धुऊन घ्यायची. तो गोड काढा खालच्या टप्प्यावरच्या मोठ्या भांड्यात उतरतो आणि तिथे हॉप्स घालून तासभर उकळतो. मग थंड करून यीस्ट. पाणी वरून खाली आपोआप येतं, त्यामुळे पंप लागत नाही. पंपाचे पैसे वाचले, पण ते वाचवले कशाने? उंचीने. म्हणजे ५० लिटर गरम पाणी माणसाच्या छातीच्या वर नेऊन ठेवलं. स्वस्ताई फुकट मिळत नाही, ती दुसऱ्या कुठल्या तरी खात्यातून वसूल होते. हा या लेखातला पहिला धडा.

दादाने तयार स्टँडच्या किमती बघितल्या तेव्हा त्याचे डोळे फिरले. चांगले स्टेनलेसचे स्टँड हजार डॉलरच्याही वर जातात. मग त्याने काय केलं? जुन्या लोखंडी पलंगांच्या फ्रेम गोळा केल्या. अमेरिकेत या फ्रेम अँगलच्या असतात आणि लोक घर बदलताना त्या रस्त्याकडेला ठेवून देतात. हौशी लोकांचा हा तिथला आवडता कच्चा माल आहे. पण त्यातही गंमत आहे. या फ्रेम बऱ्याचदा जुन्या रेल्वे रुळांच्या पोलादापासून लाटलेल्या असतात. त्यात कार्बन जास्त, म्हणून त्या कडक आणि भोक पाडायला महाकठीण. साधे ड्रिल बिट त्यावर गुळगुळीत होतात. फुकटच्या लोखंडासाठी विकतचे बिट मोडायचे! मटेरियल सायन्सच्या पेपरला आपण ‘कार्बन वाढला की हार्डनेस वाढतो’ असं लिहून दोन मार्क घेतो. दादाला तेच वाक्य ड्रिल मशिनच्या किंचाळण्यातून कळलं.

मी फोनवर विचारलं, “दादा, पण तो स्टँड भार घेईल का?” तो म्हणाला, “तू मेकॅनिकलची ना? तूच सांग.” मग मी बसले गणित करायला. ते इथे देते, कारण या लेखाचा मुद्दा त्यातच आहे.

पन्नास लिटर पाणी म्हणजे ५० किलो. स्टीलचा मोठा केग वापरला तर रिकामा साधारण साडेतेरा किलो. त्यात बर्नर धरला की एका टप्प्यावर ७० किलो. आता ४० × ४० × ५ मिलिमीटरचा अँगल घ्या. मीटरला ३ किलो भरतो. त्याचा दीड मीटरचा पाय, दोन्ही टोकांना पिन धरून, ऑयलरच्या सूत्राने किती भाराला वाकेल? उत्तर येतं जवळजवळ दोन टन. एका पायाला! आणि आपल्याला हवेत एका पायावर फार तर वीस-पंचवीस किलो. बरं, २५ × २५ × ३ चा बारका अँगल घेतला तरी सुमारे पावणेतीनशे किलो येतात. म्हणजे जाड लोखंड लावून पैसे घालवायचं कारणच नाही.

मग असे स्टँड पडतात का? कारण ते भाराने मोडत नाहीत, डुलून कोसळतात. चार दांड्यांचा चौकोन कितीही जाड असला तरी सांध्यांवर फिरून तिरका होऊ शकतो. त्रिकोण होत नाही. चौकोनात एक तिरकी पट्टी टाकली की तो दोन त्रिकोणांचा होतो आणि गप्प उभा राहतो. (मला हा प्रकार कॉन्व्हेंटच्या कृपेने ‘ब्रेसिंग’ म्हणून माहीत होता. ‘तिरकी पट्टी’ हा शब्द कॉलेजरोडवरच्या फॅब्रिकेशनवाल्या काकांनी शिकवला. तो जास्त चांगला आहे, ऐकताच चित्र दिसतं.) पायाची जाडी दुप्पट करण्यापेक्षा दोन मीटर पातळ पट्टी तिरकी लावणं शंभर पटीने शहाणपणाचं, आणि स्वस्त.

दुसरा धोका उलटण्याचा. वरच्या टप्प्याचा एकटा मनोरा धरा. वजन ७० किलो, उंची दीड मीटर, पायांमधलं अंतर ४५ सेंटिमीटर. वरून आडवा किती धक्का दिला की तो उलटेल? ७० गुणिले २२.५ भागिले १५०, म्हणजे साडेदहा किलो. पाठीवरची सॅक अडकली, कुणी झोकांडी खाल्ली की तेवढा धक्का बसतोच. आणि वर आहे ७५ अंशाचं पाणी. हेच अंतर ७५ सेंटिमीटर केलं तर साडेसतरा किलो लागतात, आणि भिंतीत दोन बोल्ट मारले तर प्रश्नच मिटला. दोन बोल्टची किंमत ती काय!

तिसरी गोष्ट उष्णता. बर्नरजवळ लाकूड नको हे सांगायला नको. पण सिमेंटचे ब्लॉकही थेट ज्वाळेखाली तडकून त्यांच्या ढलप्या उडू शकतात. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप वेल्ड केला किंवा फार तापला तर जस्ताचा धूर निघतो आणि त्याने थंडीताप भरतो. म्हणून मुलामा घासून काढायचा किंवा ते लोखंड घ्यायचंच नाही. आणि बंद गॅरेजमध्ये गॅस पेटवायचा नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

दादाच्या हिशेबात यातल्या एकाही गोष्टीवर पैसे वाचवलेले नव्हते. वाचवले ते रंगावर, दिखाव्यावर, चाकांवर. माल्टचं भांडं म्हणून त्याने पिकनिकला नेतात तो जुना प्लॅस्टिकचा कूलर-बॉक्स वापरला, कारण त्याला मुळातच उष्णता धरून ठेवता येते. खरं तर बजेटचा पहिला प्रश्न ‘स्टँड हवाच का?’ हाच असतो. २००० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी धान्य मोठ्या कापडी पिशवीत घालून एकाच भांड्यात सगळं उरकायची पद्धत रुजवली. त्यात तीन टप्पेच गेले! काही जण ओटा, खुर्ची आणि जमीन हे तीन टप्पे वापरतात. थोड्या पाण्याला ते चालतं, पन्नास लिटरला नाही. कुठे काटकसर चालते आणि कुठे चालत नाही, हे कळणं म्हणजेच इंजिनिअरिंग. आपल्याकडे मात्र या दोन्हींना मिळून एकच शब्द आहे : जुगाड. आणि त्याचं कौतुक तर इतकं, की गॅदरिंगच्या भाषणात तो शब्द आला नाही असं होत नाही. मला तो शब्द आवडत नाही. हलणाऱ्या टेबलाखाली कागदाची घडी ठेवणं जुगाड आहे, ठीक आहे. पण डोक्यावर कोसळू शकेल अशा वस्तूला जुगाड म्हणून टाळ्या वाजवणं हा निव्वळ आळस आहे.

आता या विदर्भात, आपल्या घरी. मार्च लागला की आपल्या हॉस्टेलच्या गॅलरीत कूलर दिसू लागतात. टाकीत ५० लिटर पाणी, वर पत्र्याची बॉडी, पंखा, मोटर, गवताच्या ताट्या. सगळं मिळून ७० किलोच्या आसपास. आकडा ओळखीचा वाटतो ना? तेच वजन, फक्त बिअरऐवजी गार हवा. आणि हे ७० किलो उभे कशावर? दोन विटांच्या थप्प्या, एक मोडका बेंच, कुठे जुन्या कॉटचा सांगाडा. विटांच्या थप्पीत सांधाच नाही, तिरकी पट्टी कुठून येणार? दुसऱ्या मजल्यावर तर काही कूलर कठड्याला टेकून आहेत. खालून मेसला जायचा रस्ता आहे. रोज रात्री साडेआठला आपण सगळ्या ताट-वाटी घेऊन त्यांच्याखालून जातो आणि वर बघत नाही, कारण बघितलं तर जेवण जाणार नाही. अजून काही झालेलं नाही, हे खरं. पण ‘अजून काही झालेलं नाही’ हा फॅक्टर ऑफ सेफ्टी नव्हे.

आणि इथे एक गोष्ट अमेरिकेतल्या स्टँडपेक्षा वाईट आहे. कूलरचं पाणी खाली, तळाशी असतं. रात्रभर चालून टाकी रिकामी होत आली की वजन कमी होतं आणि गुरुत्वमध्य वर सरकतो. म्हणजे पहाटे, सगळ्यात गाढ झोपेच्या वेळी कूलर सगळ्यात हलका आणि ढकलायला सगळ्यात सोपा असतो.

यावर उपाय किती लोखंडाचा? मी हिशेब केला. माप ६० × ६० सेंटिमीटर, उंची ७५. चार पाय ३ मीटर, वरची चौकट २.४, खालची चौकट २.४. एकूण ७.८ मीटर. २५ × २५ × ३ चा अँगल मीटरला १.१ किलो, म्हणजे साडेआठ किलोच्या जवळ. तीन बाजूंना २० × ३ ची तिरकी पट्टी, दीड किलोपेक्षा कमी. बेरीज दहा किलो! मागे भिंतीत दोन बोल्ट. कबाडीवाल्याचा आजचा भाव विचारा, दहाने गुणा आणि रूममधल्या तिघींत वाटा. मेसबाहेरच्या दोन-चार चहांत विषय संपतो की नाही ते तुम्हीच बघा. एक सूचना मात्र कायमची : स्टँड लोखंडी, फरशी ओली, म्हणजे करंटला रस्ता तयार. थ्री-पिन आणि चालू अर्थिंग नसेल तर स्टँड कितीही मजबूत असो, तो कूलर लावू नका. पाणी भरताना प्लग काढा.

कुणी म्हणेल, बाजारात कूलरचे तयार स्टँड मिळतात की, बनवायची हौस कशाला? प्रश्न बरोबर आहे. शंभर स्टँड एकदम बनवणारा माणूस आपल्यापेक्षा स्वस्तात बनवणारच. दादाचंही तेच झालं असतं. वेल्डिंग मशिन, ग्राइंडर, ड्रिल विकत घेतलं असतं तर त्याचा ‘स्वस्त’ स्टँड तयार स्टँडपेक्षा महाग पडला असता. पण त्याच्या गावात एक सार्वजनिक वर्कशॉप आहे. महिन्याची वर्गणी भरायची, सेफ्टीचा तास करायचा आणि हत्यारं वापरायची. स्टँडमधला सगळ्यात स्वस्त भाग लोखंड असतो. महाग असतात ती हत्यारं, जागा आणि शिकवणारा माणूस.

आणि आता सांगा, या तिन्ही गोष्टी कुणाकडे आहेत? आपल्याकडे! वेल्डिंगची बूथ आहेत, बेंच व्हाइस आहेत, पॉवर हॅक-सॉ आहे, आणि डोळे मिटून बटजॉइंट मारतील असे वर्कशॉपचे मामा आहेत. फर्स्ट इयरला आपण तिथे काय करतो? फिटिंगमध्ये दोन तुकडे एकमेकांत बसवतो. आठ तास कानस घासून. वेल्डिंगमध्ये दोन पट्ट्या जोडतो. सर जॉब बघतात, मार्क देतात आणि जॉब भंगाराच्या ढिगात जातो. कौशल्य शिकायला तो जॉब हवा, हे मला मान्य आहे. कानशीचा हात बसल्याशिवाय पुढचं काही जमत नाही. पण तोच वेल्डिंगचा जॉब कूलर स्टँडचा कोपरा का असू नये? ज्या सांध्यावर उद्या आपल्याच मैत्रिणीचा कूलर उभा राहणार आहे, तो सांधा कोण कच्चा सोडेल? जर्नलमधल्या टिकमार्कसाठी सोडतात. ७० किलोसाठी नाही सोडत.

स्टाफच्या अडचणी मला दिसतात. संध्याकाळी कोण थांबणार? कुणाचं बोट कापलं तर जबाबदार कोण? सामान हललं तर? हे प्रश्न टाळण्यासारखे नाहीत. म्हणूनच ‘वर्कशॉप उघडं टाका’ अशी माझी मागणीच नाही. मागणी एवढीच आहे :

पहिलं, आठवड्यातून दोन संध्याकाळी, पाच ते सात. एक सर किंवा मामा हजर, त्यांना त्या तासांचा रीतसर मोबदला. दुसरं, गॉगल, बूट, एप्रन नसेल तर प्रवेश नाही. एक सेफ्टीची छोटी परीक्षा आणि सहीचं रजिस्टर. तिसरं, ड्रॉइंग आणि भाराचं गणित तपासून घेतल्याशिवाय लोखंडाला हात नाही. चौथं, पहिल्या वर्षी फक्त एकच वस्तू, कूलर स्टँड, म्हणजे सगळ्यांचं लक्ष एका जागी राहील. तयार स्टँडवर दुप्पट भार ठेवून मामांनी पास केल्यावरच तो हॉस्टेलमध्ये जाईल.

आणि पाचवं, मुलींच्या हॉस्टेलचं इन-टाइम साडेसहाचं आहे. वर्कशॉप सातपर्यंत उघडं ठेवून उपयोग काय, जर मेकॅनिकलच्या आम्ही सात मुली साडेसहाला गेटवर सही करत असू? त्या दोन दिवसांपुरती, वर्कशॉपच्या रजिस्टरची सही ही हॉस्टेलची सही धरावी. रेक्टर मॅडम, पान उलटू नका म्हणाले होते ते यासाठी!

मित्रमैत्रिणींनो, आपणही फक्त मागण्या करून चालणार नाही. कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये ‘तुम्ही स्वतः काय बनवलं?’ असं विचारलं की आपण विकत आणलेला प्रोजेक्ट आठवून खाली बघतो. दहा किलो लोखंडाचा, स्वतः गणित करून, स्वतः कापून जोडलेला एक स्टँड दाखवता आला तर मान वर राहील. जानेवारीत सुरू केलं तर मार्चच्या आधी आपल्या मजल्याचे सगळे स्टँड होतात. ड्रॉइंग माझ्याकडे तयार आहे, रूम नंबर नोटीसबोर्डवर लावते. मुलांच्या हॉस्टेलला झेरॉक्स फुकट.

तिकडे लोक बिअरसाठी एवढी मेहनत घेतात. आपल्याला तर फक्त शांत झोप हवी आहे, आणि जेवायला जाताना बिनधास्त वर बघता यावं, एवढंच.